तेल चढवणे, तेल उतरवणे : सोलापुरी डोक्याचा इतिहास

१/
‘माझे केस फार तेलकट आहेत, कोणता शाम्पू घेऊ?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य केलेली असते, ती म्हणजे तेलकट असणे हा दोष आहे. दख्खनच्या इतिहासात ही समजूत फार तर दोन-तीन पिढ्यांची आहे. त्याआधी कित्येक शतके डोक्यावरचे तेल हे कुणीतरी आपली काळजी घेत असल्याचे चिन्ह होते. हा बदल कसा घडला, त्याचा आजचा धागा. आरंभ सोलापूरपासून करू. शाम्पूच्या निवडीविषयी शेवटी लिहिले आहे, पण तेथे थांबत थांबत पोहोचू.

२/
सोलापूरची सर्वांत मोठी यात्रा तेलाने सुरू होते. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज मिरवणुकीने निघतात आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. या विधीचे सोलापुरी नाव ‘यण्णीमज्जन’. कन्नडमध्ये ‘एण्णे’ म्हणजे तेल आणि ‘मज्जन’ म्हणजे स्नान. पुढे संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. आख्यायिका अशी की एका कुंभारकन्येला सिद्धरामांशी विवाह करायचा होता आणि तो त्यांच्या योगदंडाशी लावण्यात आला. त्या दृष्टीने पाहिले तर यण्णीमज्जन हे लग्नाआधीचे तेल-हळदीचे न्हाणे ठरते. १२ व्या शतकातील या शिवयोग्याला शहर आजही दरवर्षी आधी तेल लावते आणि मग अक्षता टाकते.

३/
शब्दांकडे जरा पाहा. संस्कृत ‘तैल’ हा ‘तिल’पासून झाला, म्हणजे मुळात तिळाचा तो तैल. द्राविडी बाजूलाही हेच आहे: ‘एळ्’ म्हणजे तीळ, ‘नेय्’ म्हणजे स्निग्ध पदार्थ, आणि त्या दोहोंचे मिळून झाले ‘एण्णे’. दोन वेगळ्या भाषाकुलांनी सर्व तेलांना एकाच दाण्याचे नाव दिले. खोबरेल ही किनाऱ्याची मिरास. आपल्या कोरडवाहू मुलखात तीळ, करडई आणि जवस पिकत होते, आणि डोक्यासाठी मान होता तो तिळाचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ वापरून डोक्यावरून न्हाण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे.

४/
संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेलही आणि मायाही. हा निव्वळ शब्दखेळ नव्हे, कारण आपल्याकडे आयुष्यातील प्रत्येक वळणावर कुणीतरी दुसऱ्याच्या डोक्याला तेल लावते. तान्ह्या बाळाची टाळू भरतात. बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालतात आणि केसांना धुरी देतात. नवरा-नवरीला तेल चढवतात. काही भागांत त्या विधीला ‘तेलवण’ असे नाव आहे. नरकचतुर्दशीला पहाटे घरातील मोठी स्त्री सर्वांना तेल लावते. यात स्वतःच्या हाताने स्वतःला तेल लावणारा माणूस जवळजवळ दिसत नाही.

५/
ग्रंथांतील पुरावा शोधायचा तर फार लांब जावे लागत नाही. सोलापूरच्या पूर्वेला, आजच्या बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. तेथून राज्य करणारा कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांचे २० प्रकार त्यात सांगितले आहेत आणि स्नान हा त्यांतील एक स्वतंत्र उपभोग आहे. क्रम असा: आधी सुगंधित तिळतेलाचे मर्दन, मग ते तेल उतरवणारी चूर्णे, आणि शेवटी पाणी. सिद्धराम आणि सोमेश्वर एकाच शतकातले, एकाच प्रदेशातले. त्यामुळे यात्रेतील तैलाभिषेकाकडे मी एकटा विधी म्हणून पाहत नाही; त्या काळच्या दख्खनच्या स्नानसंस्कृतीत तो सहज बसतो.

६/
या क्रमातला दुसरा टप्पा, तेल ‘उतरवणे’, आपण सहसा विसरतो. डोक्याला रोज तेल लावण्याचे गुण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही आहेत, पण तेल लावून तसेच राहणे आणि तेल लावून न्हाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेल चढवणे आणि उतरवणे ही एकाच कृतीची दोन अंगे होती. पुढे जो घोटाळा झाला तो ही अंगे सुटी झाल्यामुळे, असे माझे मत आहे.

७/
मराठीने हा भेद जपला आहे. आंघोळ रोजची, न्हाणे म्हणजे डोक्यावरून. ‘आज न्हायली’ असे घरात म्हटले की डोके धुतले, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘न्हाण येणे’ या प्रयोगाचा अर्थ आपण जाणता. ‘न्हावी’ हा शब्दही प्राकृत ‘ण्हाविअ’च्या मार्गाने ‘स्ना’ या धातूशी जोडला जातो, म्हणजे मुळात न्हाऊ घालणारा तो न्हावी. कात्री आणि वस्तरा नंतरचे.

८/
तेल उतरवायचे कशाने? शिकेकाई, रिठा आणि आवळकाठीने. येथे सोलापूरचा त्रिभाषी स्वभाव सुरेख दिसतो. मराठीतील ‘शिकेकाई’ ही दक्षिणेची पाहुणी आहे: कन्नडमध्ये ‘सीगेकायी’, तेलुगूत ‘शीकाय’, ‘काय’ म्हणजे फळ. मराठीत आपण ज्याला रिठा म्हणतो तो कन्नडमध्ये ‘अंटुवाळ’ आणि तेलंगणातून येऊन येथे स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी ‘कुंकुडुकाय’. एकाच पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात एकच वस्तू तीन नावांनी मागता यावी, असे हे शहर.

९/
यामागचे शास्त्रही पाहू. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. म्हणून तेल सुटून पाण्याबरोबर वाहून जाते. शाम्पूचेही तत्त्व हेच आहे. फरक ताकदीचा आणि सोयीचा. शिकेकाई सौम्य, किंचित आम्लधर्मी. रिठा अधिक तेज, आणि डोळ्यांत गेला तर भल्याभल्यांना रडवणारा.

१०/
आता थोडे कटू बोलतो. ‘पूर्वी किती नैसर्गिक होते’ असे म्हणणाऱ्यांनी त्या नैसर्गिकतेचा कामाचा हिशोबही मांडावा. शेंगा वाळवा, कुटा, रात्री भिजवा, सकाळी उकळा, गाळा. बंब पेटवा, घंगाळ भरा. लांब केसांतून शिकेकाईचा चोथा काढा, पंचाने झटका, उन्हात वाळवा. यात अर्धा दिवस जाई आणि तो जवळजवळ नेहमी बाईचा असे. त्यातही सोलापूर म्हणजे अवर्षणाचा जिल्हा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा भाग होरपळला होता. जेथे पिण्याच्या घागरीसाठी पायपीट, तेथे एका न्हाण्याला चार घागरी कुठून आणणार? आठवड्यातून एकदा न्हाणे हा केवळ शास्त्राचा नियम नव्हता. पाणी आणि सरपण यांचाही तो नियम होता.

११/
तेल काढणाऱ्याचा उल्लेख न करता तेलाचा इतिहास लिहिणे ही आपली जुनी खोड. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील जाती-व्यवसायांच्या नोंदींत तेली आहेत. लिंगायत तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, कारण तो नंदीच्या विश्रांतीचा वार. जाता जाता: कोकणातील बेने इस्राएल ज्यू तेलाचाच धंदा करत आणि शनिवारी घाणा थांबवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. कोणत्या वारी बैल सुटतो यावरून माणसांचा धर्म ओळखला जाई.

१२/
तेल हे मायेचे चिन्ह होते याचा सर्वांत कठोर पुरावा म्हणजे ते कुणाला नाकारले गेले. ब्राह्मण घरांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत पती वारला की स्त्रीचे केशवपन होई. कुंकू, फुले आणि तेल एकाच दिवशी संपत. दिवाळीच्या पहाटे साऱ्या घराच्या डोक्याला तेल लागे, तेव्हा त्याच घरातील आलवणातली बाई बाजूला असे. तेल हे केवळ सौंदर्यप्रसाधन असते, तर ते हिरावून घेण्याची एवढी आटापिटा करण्याची गरज नव्हती. ज्या वयात आज मुली ‘केस तेलकट दिसतात’ म्हणून खंतावतात, त्या वयाच्या बालविधवांना केसच ठेवू दिले जात नव्हते.

१३/
या अन्यायाविरुद्ध उभे राहिलेल्यांत वस्तरा धरणारे हातही होते. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे करायचे नाही असा निर्धार झाला. सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव या घटनेशी जोडलेले आहे. ज्याच्या नावातच ‘न्हाऊ घालणे’ आहे, त्याने हातातील कामाला नकार दिला. समाजसुधारणेच्या इतिहासात या सभेला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

१४/
आता पुन्हा सोलापूर. १८७७ मध्ये येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, उभी राहिली. भोंग्याचे जीवन सुरू झाले. कापडगिरणीच्या हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगतात. तेल लावलेल्या डोक्यावर ते बसतात आणि झटकून जात नाहीत. आठवड्याच्या न्हाण्याची लय आणि पाळीची लय एकमेकींशी जुळेनात. शहरी कामगाराला चटकन आटोपणारे काहीतरी हवे होते. ते साबणाच्या वडीच्या रूपाने आले.

१५/
येथे दख्खनचे भूगर्भशास्त्र आडवे येते. बेसाल्टमधून मुरलेल्या आपल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणतात. लोक ‘जड पाणी’ म्हणतात. साबण अशा पाण्यात गेला की क्षारांशी संयोग पावून त्याचा न विरघळणारा साका होतो आणि तो केसांवर बसतो. केस वाळल्यावर चिकट, निस्तेज, मळकट दिसतात. पाहणारा म्हणतो, तेलकट. वास्तविक ते तेल नसते, साबणाचाच साका असतो. ‘साबणाने केस चिकट होतात’ ही आजीची तक्रार रसायनशास्त्राला धरून होती. लिंबाच्या पाण्याने शेवटचे खळबळणे हा तिचा उपायही बरोबर होता, कारण आम्लाने साका सुटतो. शिकेकाईचे सॅपोनिन असा साका करत नाही. म्हणूनच साबण घरात आल्यावरही डोक्यासाठी शिकेकाई टिकून राहिली, आणि पुढे साबणवाल्यांनीही ‘शिकेकाई साबण’ काढले.

१६/
आता ‘शाम्पू’ या शब्दाकडे. तो इंग्रजीत १८ व्या शतकात गेला तो आपल्याकडूनच: हिंदी ‘चाँपना’, म्हणजे दाबणे, मालीश करणे. ‘चंपी’ त्याच घरातली. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेला शेख दीन महंमद कंपनीच्या फौजेतून आयर्लंडला आणि पुढे इंग्लंडला गेला, १८१४ च्या सुमारास ब्रायटनला स्थायिक झाला आणि तेथे त्याने वाफेच्या स्नानाचे व मालिशीचे स्नानगृह चालवले. चौथ्या जॉर्ज राजाचा तो ‘शाम्पूइंग सर्जन’ झाला. १८२२ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. त्याच्या शाम्पूत फेस नव्हता. होते ते चेपणे, चोळणे आणि सुगंधी वाफ.

१७/
१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सरकला आणि तो केस धुण्यासाठी वापरला जाऊ लागला. १९०३ मध्ये बर्लिनच्या हान्स श्वार्ट्सकॉफने पाण्यात विरघळणारी केस धुण्याची पूड विकायला काढली. (पूड! आपल्या काष्ठौषधीवाल्याला यात नवल काय वाटले असते?) १९३० च्या दशकात कृत्रिम प्रक्षालकांचे शाम्पू आले. जड पाण्यातही साका न करणारा फेस ही त्यांची खरी क्रांती. जे शिकेकाई करत होती ते आता बाटलीतून, तत्काळ आणि अधिक जोराने होऊ लागले.

१८/
भारतात मात्र त्या काळी बाजारात तेलाचेच राज्य होते. बंगालमध्ये हेमेंद्रमोहन बोस यांनी ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या नावाने कथास्पर्धाच सुरू केली. १८९६ मध्ये तिचे बक्षीस मिळवणारी कथा जगदीशचंद्र बोस यांची होती, आणि तिच्यात केशतेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शांत केले जाते. भारतातील आरंभीच्या विज्ञानकथांत तिची गणना होते. मुंबईच्या ‘कामिनिया ऑइल’च्या जाहिराती जुन्या नियतकालिकांत पाहायला मिळतात. तेव्हाचे आश्वासन काळ्याभोर, चमकदार आणि सुगंधी केसांचे होते. चमक म्हणजे तेलाचीच चमक.

१९/
‘प्यासा’ (१९५७) आठवा. जॉनी वॉकरचा मालीशवाला तेलाच्या बाटल्या घेऊन हिंडतो आणि गिऱ्हाईक खुशीने डोके पुढे करते. त्यानंतर ७ वर्षांनी, १९६४ मध्ये, सनसिल्क भारतात आला. तेल मागे हटले ते एका दिवसात नव्हे, पण जाहिरातीतील केस बदलले. पूर्वी ते बांधलेले, बसलेले असत. आता ते मोकळे, हलके, वाऱ्यावर उडणारे झाले. तेल लावलेला केस वाऱ्यावर उडत नाही, एवढीच त्याची चूक.

२०/
यानंतर तेलाला स्वतःचीच लाज वाटू लागली. ‘चिकट नसलेले’ केशतेल अशी तेलाचीच जाहिरात होऊ लागली. पाणी ‘ओले नाही’ म्हणून विकावे तसे हे. भाषेनेही बाजू बदलली. तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातलेली मुलगी एके काळी ‘नीटनेटकी’ होती. ती ‘काकूबाई’ झाली. आईने मायेने लावलेले तेल कॉलेजच्या दारात गावंढळपणाची खूण ठरू लागले. या शब्दाने किती मुलींना आरशासमोर अवघडवले असेल याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, पण सामाजिक इतिहास घडतो तो अशाच ठिकाणी.

२१/
शाम्पू गरिबाघरी पोहोचला तो पुडीमुळे. तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी पुडीतून शाम्पू विकण्याची कल्पना राबवली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पू काढला, जो पुढे ५० पैशांतही मिळू लागला. बाटली घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांना एका न्हाण्यापुरता शाम्पू मिळाला. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस वाचला. प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा दोष मान्य करूनही हा लाभ मी लहान मानणार नाही. १० व्या क्रमांकातल्या कामाचा हिशोब आठवा.

२२/
आता मूळ प्रश्न. तेलकट केस म्हणजे कुणाचे तेल? बाहेरून लावलेले तेल वेगळे आणि टाळूच्या ग्रंथींतून स्रवणारे ‘सीबम’ वेगळे. जुनी स्नानपद्धती मुख्यतः पहिल्यासाठी होती. सीबमचे प्रमाण वयात येताना वाढते, कारण त्या ग्रंथी संप्रेरकांच्या आज्ञेत असतात. ‘रोज धुतले की तेल आणखी सुटते’ असे सांगतात. पण ग्रंथींना धुण्याची वार्ता नसते. टाळू दोन दिवसांत तेलकट होत असेल तर दोन दिवसांनी धुवावे, रोज होत असेल तर सौम्य शाम्पूने रोज धुण्यासही हरकत नाही. आठवड्यातून एकदा हा नियम घागरीच्या पाण्याचा होता, ग्रंथींचा नव्हे.

२३/
निवड करताना बाटलीवरील फुलाफळांची चित्रे सोडून द्या. तेलकट टाळूला बहुधा पारदर्शक, हलका शाम्पू मानवतो. ‘मॉइश्चरायझिंग’, ‘स्मूदनिंग’ असे लिहिलेल्या दाट, मलईसारख्या शाम्पूत केसांवर थर ठेवणारी द्रव्ये अधिक असतात. शाम्पू टाळूला चोळायचा (येथे दीन महंमदाचे स्मरण करावे), टोकांना खाली वाहणारा फेस पुरतो. कंडिशनर फक्त टोकांना. खाज आणि कोंडाही असेल तर कोंड्यावरचा औषधी शाम्पू, उदाहरणार्थ कीटोकोनॅझोलचा, उपयोगी पडतो. लाली, खपल्या किंवा केसगळ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच जगते, म्हणून कोंड्यावर तेल थापणे हा उपाय नव्हे.

२४/
मग तेल सोडायचे का? तशी गरज नाही. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ च्या एका अभ्यासात दिसले. तो अभ्यास मॅरिकोच्या, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या, संशोधकांचा होता. निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. पण कागद कुणी लिहिला हे पाहण्याची सवय आपल्याला बखरी वाचताना लागलेली आहे, ती येथेही ठेवावी. टाळू तेलकट असेल तर न्हाण्याआधी तासभर, टाळू टाळून, केसांच्या लांबीला तेल लावावे आणि मग उतरवावे. सोमेश्वराचाच क्रम.

२५/
‘शिकेकाई की शाम्पू?’ असे आता खाली विचारले जाईल, म्हणून आधीच सांगतो: लहान केस, सौम्य तेलकटपणा आणि हाताशी वेळ असेल तर शिकेकाई खुशाल वापरा, पण पूड बारीक गाळून घ्या आणि डोळे मिटा. त्याआधी घरचे पाणी तपासा. स्वच्छ बाटलीत अर्धे पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका, जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी सुफेन. फेस न येता पांढरट साका तरंगला तर दुष्फेन. अशा पाण्यात साबणाची वडी डोक्याला लावू नका. नळाचे आणि बोअरचे पाणी वेगवेगळे तपासा. काय दिसले ते आपल्या पेठेच्या किंवा गावाच्या नावासह खाली लिहा. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट असा नकाशा जमला तर पुढच्या धाग्यात मांडतो.